ॲडलेडच्या वाटेवरची पंधरा मिनिटे

ऑस्ट्रेलियाहून परतल्यापासून भेटणारे लोक ठरावीक प्रश्न विचारतात. सिडनीचा पूल पाहिला का, कांगारू पाहिले का, थंडी सोसली का. पूल मी पाहिला नाही. कांगारू पाहिले, परंतु बहुतेक रस्त्याच्या कडेला मरून पडलेले. दोन महिन्यांच्या मुक्कामातला जो एक प्रवास सविस्तर लिहून ठेवावा असे वाटले, तो मेलबर्न ते ॲडलेड हा. आणि तो मी मालट्रकमध्ये बसून केला. विमानाला हे अंतर तोडायला तासाभराहून थोडा अधिक वेळ लागतो. ट्रकला सबंध दिवस लागतो. त्या दिवसात किती वेळ गाडी हाकायची आणि किती वेळ थांबायचे, हे तेथे चालकाच्या मर्जीवर सोडलेले नसते. पुढची हकीकत त्या थांबण्याची आहे.

ट्रुगानिना

निलेश माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. हिशेबशास्त्र शिकायला म्हणून तो मेलबर्नला गेला. शिकता शिकता एका गोदामात माल चढवण्याचे काम धरले, तेथे ट्रकची गोडी लागली, आणि आता बरीच वर्षे तो मेलबर्न-ॲडलेड मार्गावर मोठा ट्रेलर चालवतो. शहराच्या पश्चिमेला ट्रुगानिना नावाची नवी वस्ती आहे, तिथे त्याचे घर. शेजारी सगळे संगणकवाले. जवळच्या वेरिबीला एका मराठी कुटुंबाकडे सत्यनारायण होता. तिथे कोणी काय करतोस म्हणून विचारले, तेव्हा निलेशने "लॉजिस्टिक्समध्ये आहे" असे सांगितलेले मी ऐकले. घरी येताना त्याची बायको केतकी म्हणाली, "ट्रक चालवतो म्हणायला काय होतं रे तुला?"

"म्हटलं होतं एकदा. समोरचा म्हणाला, हो का, मग मेन जॉब काय?"

मी चौतीस वर्षे कऱ्हाडला भूगोल शिकवला. तेवढ्या काळात नकाशावर काढलेली एकही लांबच लांब रेघ मी जमिनीवरून ओलांडली नव्हती. म्हणून मीच निलेशला म्हटले की मला एकदा तुझ्याबरोबर ने. त्याने दोन दिवस विचार केला आणि मग जेवताना सांगितले, "आत्या, या गुरुवारी येशील? ट्रेसीनं हो म्हटलंय. पण या वेळची ट्रिप जरा वेगळी आहे. बरोबर डेसची गाडी असणार आहे."

ट्रेसी म्हणजे त्यांच्या कंपनीची मालकीण. कंपनी लहानच, डझनभर ट्रकांची. आणि डेस म्हणजे तिथला सर्वांत जुना चालक. एवढा लांबलचक ट्रेलर मागे कसा घ्यायचा, हे निलेशला त्यांनीच शिकवले होते.

येथे नियम समजून घेतला नाही तर पुढचे काही कळणार नाही, म्हणून थोडक्यात सांगते. जड वाहन घेऊन लांब जाणाऱ्या चालकाने चोवीस तासांत बारा तासांहून अधिक काम करायचे नसते आणि त्यांत सलग सात तासांची विश्रांती घ्यावीच लागते. शिवाय साडेपाच तासांच्या कोणत्याही अवधीत निदान पंधरा मिनिटांचा विसावा हवा. दिवस लांबेल तसे असे आणखी विसावे. त्याहून तोकडा विसावा मोजलाच जात नाही. आणि काम म्हणजे केवळ गाडी चालवणे नव्हे. डिझेल भरणे, माल चढवणे, चाके पाहणे, दोर आवळणे, हेही कामच. आजवर हे सारे छापील वहीत मांडले जाई, आणि वहीतले चौकोन पंधरा-पंधरा मिनिटांचे असत. आता त्या वहीऐवजी टॅब्लेट वापरण्याची सोय झाली आहे. मी तिला पाटी म्हणते. तिच्यावर 'काम' आणि 'विसावा' अशी दोन बटणे असतात आणि ती मिनिटामिनिटाची नोंद ठेवते. सरकारची सक्ती नाही, वहीही चालते. परंतु ट्रेसीबाईंनी आपल्या कंपनीत महिनाअखेरीला वह्या बंद करायचे ठरवले होते.

"मग डेसना पाटी चालवता येत नाही का?" मी विचारले.

"टॅब्लेट येतो गं. त्याला रेस्ट येत नाही," निलेश म्हणाला. "त्याचा ट्रेलर उघडा असतो, वर ताडपत्री, दोरांनी बांधलेली. रेस्ट दाबून चहा घेतो. तेवढ्यात एखादा दोर दिसतो. उठतो, ओढून बघतो. आणि दोर ओढला म्हणून इमानदारीत वर्क दाबतो. मग परत रेस्ट. असं करत वीस मिनिटं थांबला तरी सलग पंधरा भरत नाहीत. वहीत त्या दोन मिनिटांना जागाच नव्हती. मागच्या दोन ट्रिप्स त्याच्या लाल आल्या."

"आणि तिसरी आली तर?"

"यार्डात. फोर्कलिफ्टवर. ट्रेसी वाईट नाहीये, पण नियम मोडल्याची नोंद समोर दिसत असताना ती त्याला हायवेवर कशी पाठवणार? आणि डेसचं सगळं गुरुवारावर आहे. त्याची मुलगी ॲडलेडला असते. दर गुरुवारी तिच्याकडे जेवतो, नातीशी खेळतो, शुक्रवारी परत निघतो. बायको गेल्यापासून त्याचा तेवढाच एक वार आहे."

अशा रीतीने, कोणाच्या तरी परीक्षेच्या दिवशीच मी त्या गाडीत बसणार आहे, हे मला निघण्याआधी ठाऊक होते.

ॲरारॅटच्या पुढे

उजाडता उजाडता आम्ही यार्डात पोहोचलो. मला पिवळेधमक जाकीट घालावे लागले, बंद बूट अनिवार्य होते, आणि एका कागदावर सहीही करावी लागली. ट्रकची आसने आपल्या घराच्या माळ्याइतकी उंच. निलेशने खालून पायऱ्या दाखवल्या: उजवा पाय, मग हात, मग डावा पाय. कोणाला शिकवताना तो माझ्यासारखा बोलतो, हे माझ्या ध्यानात आले.

डेस आपल्या ट्रेलरभोवती फिरत होते. उंच, वाकलेले, गुडघ्यापर्यंतची चड्डी आणि जाड बूट. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि निलेशकडे पाहून म्हणाले, "ही तुझी आंटी? टीचर होती म्हणालास ती?"

"हो. भूगोलाची," मी म्हणाले.

"मग मी रस्ता चुकणार नाही," ते म्हणाले. "बाकीचं सांगता येत नाही."

शहर लवकर मागे पडले. पुढे लाव्हारसाची पठारे, त्यांवर दगडी कुंपणे आणि मेंढ्या. आपल्याकडे सह्याद्रीत हाच काळा दगड उभा दिसतो; तेथे तो आडवा पसरला आहे आणि त्यावर गवत वाढते. ॲरारॅटच्या अलीकडे टेकड्यांच्या माथ्यावर पवनचक्क्या लागल्या. मला साताऱ्याच्या चाळकेवाडीची आठवण झाली. तिथे पवनचक्क्यांच्या खाली माणसे, कणसे भाजणारे आणि फोटो काढणारे असतात. इथे तासभर एकही माणूस पायी चालताना दिसला नाही.

गाड्यांमध्ये बोलण्यासाठी रेडिओ होता. डेस पुढे, आम्ही मागे. मधूनच त्यांचा आवाज येई, "डाव्या बाजूला कांगारू, मेट," आणि निलेश वेग कमी करी.

पहिला थांबा ॲरारॅटच्या पुढे, निलगिरीच्या झाडांखाली. अशा जागा सरकारने महामार्गावर ठिकठिकाणी राखून ठेवल्या आहेत. लाकडी बाक, पाण्याची टाकी, स्वच्छतागृह आणि ट्रक उभे करायला लांब पट्टा, एवढेच. आपल्याकडे ट्रक थांबतो तो ढाब्यावर, आणि ढाब्यावर खाट असते, चहा असतो, गप्पा असतात. ऑस्ट्रेलियातल्या थांब्यावर आपला चहा आपणच आणायचा.

डेस यांनी विसाव्याचे बटण दाबले, पाटी पायरीवर ठेवली आणि थर्मास उघडला. मी त्यांना थालीपीठ दिले. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले, खाल्ले, आणि "यात काय काय आहे?" म्हणून विचारले. मी धान्ये मोजून सांगू लागले. ज्वारीपाशी आले तेव्हा ते माझ्याकडे पाहत नव्हते. मागच्या चाकापाशी दोराचे एक टोक वाऱ्याने हलत होते.

ते उठले. 'काम' दाबले, दोर ओढला, गाठ पुन्हा मारली, परत येऊन 'विसावा' दाबला. बसल्यावर त्यांना समोरचा दोर दिसला.

"डेस," निलेश म्हणाला, "बस ना. तो ठीक आहे."

"बघितल्याशिवाय ठीक आहे हे मला कसं कळणार?"

"मग बघ. पण वर्क दाबू नकोस. एक मिनिट दोर ओढलास तर कोणाला कळतंय?"

डेस यांनी पाटी त्याच्यासमोर धरली. "सोमवारी तूच मला शिकवलंस. जे करशील ते दाब. मग आता मी करीन एक आणि दाबीन दुसरं?"

डेस दुसऱ्या दोराकडे गेले. परत आले तेव्हा पाटीवर सहा मिनिटे विसावा, दोन मिनिटे काम, तीन मिनिटे विसावा, दोन मिनिटे काम अशी पट्टी उमटली होती. एकही तुकडा पुरा नव्हता. ते म्हणाले, "अजून वेळ आहे. पुढच्या थांब्यावर बघू," आणि गाडीत चढले.

डिंबूलाचे गुलाबी तळे

पुढचा तासभर मी आणि निलेश याच विषयावर बोललो.

"माणूस हुशार आहे गं," तो म्हणाला. "पण हट्टी."

"हट्टी नाही तो. मुलांना मी कित्येकदा पाहिलं आहे. उत्तर येत असतं, पण पेपर संपवून पुन्हा तपासायची सवय नसते. लिहिता लिहिता तपासतात. याचंही तसंच होतंय. आपल्याकडे ट्रकवर क्लीनर असतो. दोर बघणं, चाकावर काठी मारून बघणं, हे त्याचं काम. ड्रायव्हर खाटेवर आडवा पडला तरी क्लीनर उभा असतो. इथे ही दोन्ही माणसं एकाच अंगात आहेत. ड्रायव्हर बसला तरी आतला क्लीनर उठतो."

निलेश हसला. "मग त्या क्लीनरला काय सांगायचं?"

"आधी त्याचं काम पूर्ण करू द्यायचं. मग घंटा."

वाटेत एका ठिकाणी रस्त्याकडेला कोआला नावाच्या प्राण्याचा भला मोठा पुतळा होता. आपल्याकडे चौकात थोर पुरुष उभे असतात, तिथे असे प्राणी उभे असतात. पुढे हॉर्शम गाव गेले आणि दोन्ही बाजूंना पिकत आलेला गहू सुरू झाला. एवढा गहू मी फक्त पाठ्यपुस्तकातल्या चित्रात पाहिला होता. शेतात माणूस नाही, झोपडी नाही, बांधावर झाड नाही. गव्हाच्या मधोमध धान्याच्या गोल कोठ्या आणि त्यांच्यापाशी थांबलेली रेल्वेची वाघीण.

डिंबूलाच्या पुढे एक मिठाचे तळे आहे. ऋतूप्रमाणे त्याचा रंग पालटतो. आम्ही थांबलो त्या दिवशी ते फिकट गुलाबी होते, सोलकढीत नारळाचे दूध जास्त पडले की होते तसे.

डेस उतरले. मी त्यांच्याकडे गेले आणि माझ्या शालेय इंग्रजीत शक्य तेवढ्या सभ्यपणे म्हटले, "डेस, मी तुम्हांला एक सुचवू का? पटले नाही तर सोडून द्या."

"टीचरला नाही म्हणायची माझी कधी छाती झाली नाही."

"अजून विसावा दाबू नका. काम चालू राहू द्या. आधी पूर्ण फेरी मारा. सगळे दोर, सगळी चाकं, जे जे मनात येईल ते. वेळ लागला तर लागू द्या. फेरी संपली की मला सांगा. मग घंटा."

त्यांनी निलेशकडे पाहिले. निलेशने खांदे उडवले. डेस गेले. त्यांनी प्रत्येक गाठीवर हात ठेवला, काही सोडून पुन्हा बांधल्या, चाकांना बुटाने ठोकले. तोवर मी निलेशच्या गाडीतल्या घडीच्या खुर्च्या मांडल्या. एक अशी, की बसणाऱ्याची पाठ ट्रककडे आणि तोंड तळ्याकडे. दुसरी तिच्या समोर, माझ्यासाठी.

"यात मला गाडी दिसणार नाही," डेस म्हणाले.

"तेवढ्यासाठीच ती तशी ठेवली आहे."

ते बसले आणि विसावा दाबला. हात गुडघ्यांवर, पाठ ताठ, जणू दवाखान्यात नंबर लागण्याची वाट पाहत आहेत. मी भाजणीची चकली पुढे केली. मग नातीचे विचारले. तिचे नाव मेझी, वय सात. डेस यांनी तिला दोराची एक गाठ शिकवली होती आणि तिने त्या गाठीने आपल्या आईला खुर्चीला बांधले होते. सांगताना त्यांच्या खांद्यांचा ताण थोडा उतरला. मग मागे कुठेतरी लोखंड वाजले. ते निम्मे उठले.

"डेस," मी म्हणाले, "सुटायची घंटा अजून झालेली नाही."

"ते माझ्या गाडीचं होतं का?"

"नाही. शेजारच्या कारचं दार होतं."

"तुम्हांला खात्री आहे?"

"मला इथून दिसतं आहे. तुम्ही मेझीचं सांगत होता."

ते खाली बसले. आपल्याकडे वयाने मोठ्या माणसाला असे बसवणे शोभले नसते, हे मला तेव्हाही जाणवले. परंतु परीक्षेच्या खोलीत वय पाहत नाहीत. निलेश जरा दूर उभा राहून केतकीशी फोनवर बोलत होता आणि आमच्याकडे चोरून पाहत होता. वेळ भरली तेव्हा डेस यांच्या पाटीवर एक अखंड हिरवी पट्टी उमटली. त्यांनी ती बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "लांबच लांब वाटली मला." मग निलेशला म्हणाले, "आंटीला पुढच्या थांब्यावरही बसायला सांग."

त्या दिवसाच्या हिशेबात आणखी एक पुरा विसावा राहिला होता.

राज्याची सीमा

व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया या दोन राज्यांच्या सीमेवर जकात नाही, पोलीस नाही. फळे टाकण्याची पेटी मात्र आहे. फळांवरची माशी पलीकडच्या बागांत जाऊ नये म्हणून फळ घेऊन सीमा ओलांडायची नसते. माझ्या पिशवीत तीन संत्री होती. टाकायचा जीव होईना. "मग खाऊन टाक, आत्या, त्यात काय," असे म्हणून निलेशने सीमेच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली. मी तिन्ही संत्री सोलून खाल्ली. सालीसुद्धा पेटीतच टाकाव्या लागल्या. पुढे पोटभर जेवण नको झाले.

दुसरे म्हणजे तेथे घड्याळ अर्धा तास मागे जाते. जगात बहुतेक ठिकाणी वेळ तासातासाने बदलते. अर्ध्या तासाचा हिशेब फार थोड्या देशांनी ठेवला आहे आणि त्यांत आपणही आहोत. मी वर्गात हे शिकवीत असे. परंतु पाटी मेलबर्नचीच वेळ दाखवत राहिली, कारण चालकाचा तळ जिथे असेल तिथली वेळ धरतात. माझ्या मनगटावर एक वाजला असताना पाटीवर दीड वाजला होता. रेडिओवर डेस म्हणाले, "ॲडलेडला जाताना अर्धा तास फुकट मिळतो, टीचर. पण ही बाई तो देत नाही." ते पाटीला बाई म्हणू लागले आहेत, हे निलेशला विशेष वाटले. सकाळपर्यंत ते तिचा उल्लेख वेगळ्या शब्दाने करीत होते. तो येथे लिहिण्यासारखा नाही.

कीथच्या पलीकडे

बॉर्डरटाउन आणि कीथ ही गावे मागे पडल्यावर जमीन सपाट आणि रुक्ष झाली. मुरमाड माती, खुरटी झुडपे. दुपारपासून उत्तरेचा वारा सुटला होता. तिथे उत्तरेचा वारा वाळवंटावरून येतो, म्हणून तो तापलेला असतो. आपल्या नेमके उलट. एवढा जड ट्रक, पण वाऱ्याच्या झोताने एका बाजूला ढकलला गेल्याचे मला आसनावर कळत होते. निलेश दोन्ही हातांनी चाक धरून बसला होता.

शेवटचा थांबा अशाच एका माळावर होता. सावली नाही, एक बाक आणि पत्र्याचे छप्पर. डेस यांनी न सांगता डिंबूलाचा क्रम पाळला. 'काम' चालू ठेवून पूर्ण फेरी मारली, प्रत्येक गाठ ओढली, मग आमच्याकडे आले. खुर्ची त्यांनी स्वतःच फिरवून ठेवली, पाठ ट्रककडे करून. मी समोर बसले. निलेशने आपला विसावा दाबला आणि बाकावर आडवा झाला.

आम्ही चकल्या खात होतो. डेस सांगत होते की मुलीने आज मटण भाजायला ठेवले असेल आणि मेझी खिडकीत उभी असेल. "मागच्या गुरुवारी मी तिला सांगून ठेवलं आहे, की कदाचित पुढच्या वेळी पॉप, म्हणजे हा आजोबा, येणार नाही. तिनं विचारलं, का? मी म्हटलं, कारण मला नीट बसता येत नाही. ती म्हणाली, मलाही शाळेत तेच सांगतात."

मी हसले आणि त्याच वेळी मला ते दिसले. त्यांच्या ट्रेलरच्या मागच्या कोपऱ्यातला दोर ढिला झाला होता. ताडपत्रीचे टोक वाऱ्याने उचलले जाई आणि मालावर आपटे. पुन्हा उचलले जाई, पुन्हा आपटे.

पाटी खुर्चीशेजारी जमिनीवर होती. निम्म्याहून अधिक विसावा झाला होता, परंतु पुरा झाला नव्हता. मी सांगितले असते तर ते उठले असते, 'काम' दाबले असते, आणि विसावा पुन्हा पहिल्यापासून मोजावा लागला असता. पुन्हा मोजता आला असताच. पण कामाच्या तासांची मर्यादा जवळ आली होती आणि ॲडलेड अजून दूर होते. निलेशने मला सकाळीच समजावले होते, की इथे जो वेळ जाईल तो पुढे सापडत नाही. आणि पुन्हा मोजायला बसले तरी, त्या वाऱ्यात ते बसून राहतील याची खात्री कोणी द्यावी?

दुसऱ्या बाजूने पाहता, गाडी उभी होती. उभ्या गाडीची ताडपत्री फडफडल्याने रस्त्यावरच्या कोणाला धोका नाही. धोका गाडी हलल्यावर, आणि ती हलण्याआधी मी सांगणारच होते. ताडपत्री फाटली असती तर मात्र दोष माझ्याकडे आला असता. असा विचार करून मी गप्प राहिले. वर्गात मुलाची चूक दिसत असताना, वेळ संपेपर्यंत पर्यवेक्षकाने बोलायचे नसते. तेव्हा तोंड मिटून ठेवणे अवघड जाते, हे ज्यांनी ते काम केले आहे त्यांना सांगायला नको.

"ही चकली गोल का करतात?" डेस यांनी विचारले.

मी सोऱ्याचे वर्णन केले. नेहमीपेक्षा सविस्तर केले. पीठ कसे भिजवायचे, मोहन किती घालायचे, तेल किती तापवायचे. ताडपत्री आपटत होती. डेस माझ्याकडे पाहून मान हलवत होते. त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते आणि बोटे पांढरी पडली होती, परंतु ते माझ्या लक्षात नंतर आले.

निलेश उठून बसला. त्याने आधी ट्रेलरकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी नकारार्थी मान किंचित हलवली. तो तसाच बसून राहिला.

शेवटी पाटीवर हिरवी पट्टी पुरी झाली.

"डेस," मी म्हणाले, "मागच्या डाव्या कोपऱ्यातला दोर सुटला आहे."

"माहीत आहे," ते म्हणाले. "दुसऱ्या चकलीपासून ऐकतोय."

"मग तुम्ही उठला का नाहीत?"

"घंटा झाली नव्हती." ते उभे राहिले आणि गुडघा धरून सरळ झाले. "तुम्हांला समोर दिसत होता ना? तुम्ही का सांगितलं नाही?"

"मी पर्यवेक्षक होते."

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले. मग निलेशला म्हणाले, "तुझी आंटी फार कडक आहे, मेट." पाटी उचलून त्यांनी 'काम' दाबले आणि वाऱ्यात डोके खाली घालून ट्रेलरकडे गेले. निलेशही दोराचे दुसरे टोक धरायला निघाला. दोन पावले गेला, थांबला, परत आला, आपल्या पाटीवर काहीतरी दाबले आणि मग गेला.

ॲडलेड

टेलम बेंडला मरी नदी लागली. आपल्या कृष्णेच्या मानाने पात्र अरुंद, पण पाणी भरपूर, आणि काठावर गायी. पुढे डोंगर आणि मग एकदम उतार. एवढा लांब, की ट्रकांसाठी वेगळी लेन आणि वेगळा वेग ठरवून दिला आहे. खाली शहर आणि त्यापलीकडे समुद्र. उन्हे कलली होती.

कंपनीचे ॲडलेडचे यार्ड शहराच्या उत्तरेला आहे. माल सकाळी उतरवायचा होता, म्हणून दोन्ही ट्रेलर भरलेलेच उभे केले. डेस यांनी गाडी लावली, एक फेरी मारली, आणि विसाव्याचे बटण दाबले. आता सकाळपर्यंत ते दाबलेलेच राहायला हवे होते. ट्रेसीबाईंचा फोन आला. डेस यांनी तो आम्हांलाही ऐकू येईल असा धरला.

"डेस, तुझा दिवस माझ्यासमोर आहे," बाई म्हणाल्या. "ॲरारॅटला काय चाललं होतं?"

"चुकलो."

"डिंबूलाला?"

"बसलो."

"आणि कीथला?"

"बसलो," डेस म्हणाले. "वाऱ्यात."

"लाल कुठेच नाही," बाई म्हणाल्या. "पुढच्या गुरुवारचा ॲडलेडचा माल तुझ्या नावावर टाकतेय. ठीक?"

"ठीक," डेस म्हणाले.

फाटकाशी एक निळी मोटार आली. मागच्या खिडकीतून एक लहान हात बाहेर आला आणि हलू लागला. डेस यांनी पिशवी उचलली. मी उरलेल्या चकल्यांचा डबा त्यांच्या हाती दिला, तो त्यांनी दोन्ही हातांनी घेतला. मोटारीच्या दाराशी पोहोचल्यावर ते थांबले. वारा अजून होता आणि ट्रेलरवरची ताडपत्री अधूनमधून फुगत होती. ते वळतील असे मला वाटले. त्यांनी दार उघडले, आत बसले, आणि मेझीने त्यांचा पट्टा लावून दिला. मोटार रस्त्याला लागेपर्यंत त्यांनी मागे पाहिले नाही.

निलेश फाटकाकडे पाहत उभा होता. त्याचाही दिवस संपला होता. आम्हांला जवळच्याच एका मोटेलमध्ये जायचे होते आणि मला संत्र्यांनंतर प्रथमच भूक लागली होती.

"चल," मी म्हणाले.

"दोन मिनिटं, आत्या," तो म्हणाला, गाडीत चढून आपल्या पाटीवर त्याने 'काम' दाबले, आणि डेस यांच्या ट्रेलरचे दोर पाहायला गेला.